सापडलेले चित्रण आणि परक्याची कल्पना

‘सापडलेले चित्रण’ अर्थात फाउंड फुटेज ह्या भयपटप्रकाराचा पाया एका बतावणीवर आहे: पडद्यावर दिसते ते रचलेले नसून संकटात सापडलेल्यांनीच टिपलेले आहे, व मागाहून कोणाच्या तरी हाती लागले आहे. ह्या प्रकाराची चर्चा बहुधा कॅमेऱ्याच्या थरथरण्यापाशीच थांबते. वस्तुतः कॅमेरा कोणाच्या हाती आहे आणि चित्रण कोणाला सापडले, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे होत.

मॅट रीव्ह्‌ज ह्यांच्या ‘क्लोव्हरफील्ड’ (२००८) मध्ये न्यूयॉर्कमधील तरुण मंडळी मित्राला निरोप देण्यासाठी जमतात. त्याच रात्री एक अजस्र प्राणी शहरावर चालून येतो. तो कोठला, हे चित्रपट सांगत नाही. अखेरच्या दृश्यात मात्र दूर समुद्रात काहीतरी कोसळताना दिसते. ही फीत आरंभीच अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ताब्यातील म्हणून सादर होते. ‘फीनिक्स फरगॉटन’ (२०१७) मध्ये आकाशातील गूढ दिव्यांच्या शोधात गेलेली तीन मुले नाहीशी होतात, आणि त्यांतील एकाची बहीण मागे राहिलेली चित्रणे तपासते. एके ठिकाणी फीत शासनाची, दुसरीकडे कुटुंबाची. परंतु कॅमेरा धरणारे ते घरचे व आक्रमक तो बाहेरचा, ही विभागणी दोहोंत निःशंक आहे.

पवन कृपलानी ह्यांच्या ‘रागिणी एमएमएस’ (२०११) ह्या हिंदी चित्रपटात परग्रहवासी नाहीत, भूत आहे. तथापि ह्या विभागणीची उलटापालट तेथेच पाहावयास मिळते. एक प्रेमी युगुल मुंबईबाहेरील एकाकी बंगल्यात सुटी घालविण्यास जाते. तेथे छुपे कॅमेरे बसविलेले आहेत. तरुणाला ते ठाऊक आहे, रागिणीला नाही. बंगल्यातील भूत मराठी बोलते आणि आपण चेटकीण नसल्याचे बजावते. म्हणजे बाहेरून आले ते तरुणच. ‘परकी’ ठरली ती मात्र तेथलीच. एकीचे चित्रण तिच्या संमतीवाचून होते, दुसरीवरील आळ तिचे म्हणणे न ऐकता पक्का होतो. हे साम्य चित्रपटाच्या हाती आले होते. पण त्याने ते पेलले नाही. त्या स्त्रीचे गाऱ्हाणे प्रेक्षकाला दचकविण्याचे साधन होऊन राहिले.

पालघर परिसरातून पाहता ह्या उणिवेचे गांभीर्य ध्यानी येते. वारली वस्त्यांत ‘भुताळी’ हा शब्द केवळ कथेतला नव्हे; तो चिकटलेल्या स्त्रीला त्याची किंमत मोजावी लागली आहे. असा आळ घेऊन छळणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले. बाहेरून येणे ह्याचाही येथे निराळा इतिहास आहे. तारापूरचे अणुविद्युत्केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली.

ह्या किनाऱ्यावर परग्रहवासी उतरल्याची कथा उद्या मराठीत कोणी रचली, तर कॅमेरा सुटीला आलेल्या मुलांच्या हाती द्यावयाचा की उठलेल्या गावातील मुलांच्या, हे आधी ठरवावे लागेल. पहिल्या पक्षी ती ‘क्लोव्हरफील्ड’ची नक्कल होईल. दुसऱ्या पक्षी आक्रमण हा शब्दच नव्याने तपासावा लागेल. कारण ज्यांचे गाव एकदा उठले, त्यांच्या दृष्टीने आकाशातून येणारा हा काही पहिला पाहुणा नसेल.