‘देणे’ आणि ‘वरणे’ : ‘सौभद्र’ व ‘शारदा’ या नाटकांतील विवाहाची भाषा

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकाविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यातील बहुतेक लेखन जरठकुमारीविवाह या सामाजिक प्रश्नाभोवती फिरते. भुजंगनाथाचा उपहास, कांचनभटाचा द्रव्यलोभ, भद्रेश्वर दीक्षिताची मध्यस्थी यांची चर्चा पुष्कळ झाली. जिच्या नावाने नाटक ओळखले जाते त्या मुलीच्या वाट्याला मात्र टीकाकारांची करुणा तेवढी आली. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात हे नाटक शिकवीत असता एका विद्यार्थिनीने प्रश्न केला : “शारदेचे लग्न मोडले, ते तिने नकार दिल्यामुळे का?” उत्तर सोपे होते. लग्न मोडले ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. परंतु हे उत्तर दिल्यावर प्रस्तुत लेखकाचे समाधान झाले नाही, आणि त्या विद्यार्थिनीचेही झाले नसावे. पुढील विवेचनाचे मूळ त्या असमाधानात आहे.

प्रथम काही भाषिक गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. घरगुती मराठीत विवाहाविषयी बोलताना मुलगी हे वाक्याचे कर्म असते. मुलीकडचे म्हणतात, “पुण्याला दिली”, मुलाकडचे म्हणतात, “अमक्यांची मुलगी केली.” एकाच प्रसंगाची ही दोन वाक्ये, पहिल्याचा कर्ता पिता, दुसऱ्याचा सासरा. मुलगी दोन्हींकडे कर्म, आणि पुष्कळदा अध्याहृत. ‘उजवणे’ हे क्रियापद तर अधिक बोलके आहे. व्रत उजवतात आणि मुलगीही उजवतात. दोहोंतही अंगावरची एक जबाबदारी यथासांग पार पडल्याची सुटका आहे. “तिचे लग्न झाले” हे वाक्य निरुपद्रवी वाटते खरे, पण तेथे ती षष्ठीत जाऊन बसते आणि कर्तेपण लग्नाकडे जाते.

मग स्त्रीला कर्तेपण देणारे क्रियापद मराठीत नव्हतेच काय? होते. ‘वरणे’. “दमयंतीने नलास वरले” या वाक्यात कर्ता स्त्री आहे, कर्म पुरुष आहे, आणि क्रियेमागे इच्छा आहे. परंतु हे क्रियापद आख्यानांचे, पुराणांचे, संस्कृतातून आलेल्या काव्याचे. माजघरात ते कोणी उच्चारीत नसे. प्रियाराधनाचीही तीच गत. हा शब्द ग्रंथात शोभतो. घरात त्याच क्रियेला ‘चाळे’ किंवा ‘थेर’ म्हणत, आणि त्या शब्दांबरोबर मुलीचा लौकिक संपत असे.

‘वरणे’ आणि ‘देणे’ या दोन भाषा मराठी संगीत रंगभूमीवर सतरा वर्षांच्या अंतराने एकाच नाटकमंडळीने आणल्या. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले. १८९९ साली किर्लोस्कर नाटक मंडळीनेच ‘शारदा’ केले. देवल हे किर्लोस्करांचे शिष्य. दोन्ही नाटकांच्या प्रारंभीचा पेच एकच आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्येष्ठ बंधू बलराम सुभद्रा दुर्योधनास देऊ पाहतो. पिता कांचनभट शारदा भुजंगनाथास देऊ पाहतो. दोन्ही मुलींच्या मनाविरुद्ध विवाह ठरलेला आहे. पण सुभद्रेने अर्जुनास मनाने वरलेले आहे आणि नाटकाचा सारा रस त्या वरण्यात आहे. तिला राक्षसाने उचलून नेले, तिने यतिवेषातील अर्जुनाची सेवा केली, तरी तिच्या लौकिकास कोठे तडा जात नाही; कारण हे सारे श्रीकृष्णाच्या योजनेने चालले आहे हे प्रेक्षकास ठाऊक असते. ज्या गृहस्थांनी आपल्या मुली दहाव्या-अकराव्या वर्षी ‘दिल्या’ होत्या, त्यांनीच सुभद्रेच्या अनुरागास टाळ्या दिल्या, यात ढोंग आहे असे मला वाटत नाही. ती भाषा त्यांना दुसऱ्या युगाची वाटत होती, इतकेच. क्षत्रियकन्येस गांधर्व विवाहाची मोकळीक स्मृतिकारांनीच दिली होती.

देवलांनी ते युग पुसून टाकले. त्यांच्या सात नाटकांपैकी ‘शारदा’ हेच स्वतंत्र कथानकाचे. आणि स्वतंत्र कथानक हाती घेताच त्यांना माजघराची भाषा घ्यावी लागली. त्यांचे खरे सामर्थ्य येथे दिसते. द्रव्य घेऊन कन्या देणे हा शास्त्रदृष्ट्या आसुर विवाह. कांचनभट तो ब्राह्म विवाहाच्या वेषात उरकू पाहतो. दानाच्या शब्दांखाली चाललेली विक्री देवलांनी इतकी अचूक टिपली आहे की, त्या प्रवेशांपुढे त्यांच्या सुधारक नायकाची, कोदंडाची, भाषणे फिकी वाटतात. कोदंड पुस्तकी बोलतो. त्याच्या आणि शारदेच्या मनांचे मीलन सुभद्रार्जुनांसारखे रंगत नाही. रंगू शकतही नव्हते. ब्राह्मणाच्या घरातली अविवाहित मुलगी परक्या तरुणाशी बोलताना दाखविली असती, तर जिची अब्रू वाचवायची तिचीच अब्रू नाटककाराने घालविली असती.

म्हणूनच सुटकेची वाट गोत्राची. पंचाहत्तरीच्या घरातला वर शास्त्राला चालला. सगोत्र वर चालला नाही. येथे देवलांचा उपरोध आहे असे मानणारे टीकाकार आहेत, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. पण उपरोध मान्य केला तरी शारदेचा नकार निष्फळ ठरतो ही गोष्ट राहतेच.

मराठीत स्त्रीचा नकार त्या काळी शब्दबद्ध होऊच शकत नव्हता, असा बचाव कोणी करील. तो टिकणारा नाही. ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात छापली गेली. स्त्रियांना बदनाम करणारा समाज स्वतः काय करतो, हा त्या पुस्तकाचा विषय, आणि त्याची भाषा थेट घरातली, खणखणीत. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिताना यमूला ‘मी’ म्हणून बोलते केले. मात्र रखमाबाईंची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. अकराव्या वर्षी ‘दिलेल्या’ या मुलीने नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात निर्णय फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. बालविवाहाविरुद्धची त्यांची १८८५ मधील गाजलेली पत्रे ‘टाइम्स ऑफ इंडिया’त, ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने, इंग्रजीत आली. मराठी घरातल्या मुलीची फिर्याद परभाषेतून आणि नाव झाकून पुढे यावी, ही त्या काळच्या लौकिकाच्या दडपणाची साक्ष आहे.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ‘संमती’ हा शब्द सर्वतोमुखी केला, पण त्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचे वय दहावरून बारावर नेले एवढेच. विवाहास तिची संमती हवी की नको, याला तो शिवला नाही. (पुढे १९२९ च्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्यास त्याचे प्रवर्तक हरबिलास सारडा यांचे नाव पडले आणि मराठीत त्याचा ‘शारदा कायदा’ झाला. या उच्चारभेदात देवलांच्या नायिकेचाही हात असावा, असा माझा तर्क आहे.)

‘शारदा’ नाटकाचा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचावा. लग्न मोडते, प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि शारदा जीव द्यावयास नदीकडे जाते. टीकाकार याला करुणरसाची भर समजतात. माझ्या मते संपूर्ण नाटकात शारदेला परिस्थितीचे अचूक ज्ञान असल्याचे दाखविणारी हीच जागा आहे. मांडवातून परतलेल्या मुलीला ‘मोडलेली’ म्हणतात हे तिला माहीत आहे. भुजंगनाथापासून ती सुटली, लौकिकापासून सुटलेली नाही. कोदंड तिला वाचवितो आणि तिच्याशी विवाह करावयास सिद्ध होतो. तरीही शंकराचार्यांचा निर्णय लागतोच. सुभद्रेच्या वेळी जे काम श्रीकृष्णाने हसत केले, ते येथे धर्मपीठाला करावे लागते. पिता बाजूला झाला, तरी शारदेचे लग्न तिच्या शब्दाने ठरत नाही; देणारा तेवढा बदलतो.