तुळापूरनंतरचे पान

इ. स. पूर्व ३३० मध्ये अलेक्झांडर पाठलागावर असताना इराणचा सम्राट तिसरा दरायस याला त्याच्याच बेसस नावाच्या सुभेदाराने व त्याच्या साथीदारांनी ठार केले. अलेक्झांडरने शत्रूचे शव राजइतमामाने अंत्यसंस्कारासाठी पाठविले. पण दरायसबरोबर हखामनी साम्राज्य संपल्यातच जमा झाले. परचक्रात राजा पडला की राज्य बुडते, हा इतिहासाचा नेहमीचा निवाडा. १६८९ मध्ये मराठ्यांनी तो खोटा ठरविला. आपल्या ललित साहित्याने याची पुरेशी दखल घेतली आहे काय?

गडकऱ्यांच्या अपूर्ण ‘राजसंन्यास’ नाटकातील विलासी संभाजीराजांपासून शिवाजी सावंतांच्या ‘छावा’तील धीरोदात्त नायकापर्यंतचे अंतर मोठे आहे. वा. सी. बेंद्रे यांचे १९६० चे चरित्र व डॉ. कमल गोखले यांचे संशोधन यांनी ती वाट मोकळी केली. हे ऋण मान्य करूनही एक उणीव जाणवते. कानेटकरांच्या नाटकाचे नावच ‘इथे ओशाळला मृत्यू’. वाचकाच्या मनात तुळापूरच उरते. त्या हौतात्म्याच्या तेजाने डोळे दिपतात, मग आपण फितूर कोण याचा काथ्याकूट करीत बसतो आणि पुढचे पान उलटायचे राहून जाते.

शासकीय सेवेत प्रस्तुत लेखक एक गोष्ट शिकला: अधिकारी गेल्याने कचेरी बंद पडत नाही, पदभार कोणी, किती तत्परतेने घेतला, यावर सारे अवलंबून असते. संभाजीराजे शत्रूच्या कैदेत जिवंत असतानाच, फेब्रुवारी १६८९ मध्ये, रायगडावर राजारामांचे मंचकारोहण झाले. स्वतःचा पुत्र शाहू हाताशी असता येसूबाईंनी दिराला पुढे केले. ११ मार्चला राजांची हत्या झाली, नोव्हेंबरात रायगडही पडला, येसूबाई व शाहू कैद झाले. तरी राज्य उरले. औरंगजेब १७०७ मध्ये दक्षिणेतच मरण पावला.

आपल्या सीमाभागाला यातला एक धागा अधिक जवळचा आहे. पन्हाळ्याहून जिंजीकडे निघालेल्या राजारामांना आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील केळदीच्या राणी चन्नम्मांनी आश्रय दिला व त्यासाठी मोगल फौजेचा रोष पत्करला. मराठी राजाला कन्नड राणीने दिलेला तो आसरा आपल्या घरांतून क्वचितच सांगितला जातो. दोन्ही भाषा अंगणात ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या एखाद्या लेखकाने तो विषय हाती घ्यावा. तुळापूरचे मोल त्याने उणे होणार नाही. ते बलिदान कशासाठी होते, ते मात्र अधिक उमगेल.