साधनाची निवड आणि कृतीचा घाट

संगणकीय खेळाचा कथनप्रकार म्हणून विचार करताना समीक्षा बहुधा तयार कृतीपासून आरंभ करते. ती ज्या साधनाने घडली त्याकडे ती क्वचितच वळते. साधन हा तंत्रज्ञाचा विषय, आशय आणि घाट हा समीक्षकाचा, अशी त्यामागे समजूत असते. ही समजूत येथे तपासावयाची आहे. त्यासाठी ट्वाइन, रेनपाय आणि गोडो ही तीन मुक्तस्रोत साधने घेतली आहेत. तिन्हींना मोल पडत नाही. त्यामुळे किमतीचा निकष आपोआप गळून पडतो आणि निवडीचा खरा प्रश्न समोर येतो.

प्रथम 'मोफत' आणि 'मुक्त' यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. युनिटी हे इंजिन लहान निर्मात्यांस मोफत मिळते, परंतु त्याची मालकी व अटी कंपनीच्या हाती आहेत. १२ सप्टेंबर २०२३ रोजी, ठराविक मर्यादेपलीकडे खेळ जितक्या वेळा यंत्रावर उतरविला जाईल तितका आकार घेण्याचे तिने जाहीर केले. तीव्र विरोधानंतर ही अट आधी सौम्य करण्यात आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मागे घेण्यात आली. तथापि वर्षानुवर्षे ज्यावर श्रम केले त्या कृतीचे भवितव्य आपल्या हाती नाही, हे निर्मात्यांस कळून चुकले. मुक्त साधन अमर असते असे मात्र नव्हे. ब्लेंडरमधील खेळांचे इंजिन २०१९ च्या २.८० या आवृत्तीत उरले नाही. पण त्याची मूळ संहिता सर्वांस खुली असल्यामुळे यूपीबीजीई या शाखेने ते पुढे चालविले. मुक्ततेने चिरंतनता लाभत नाही, वारसाहक्क लाभतो.

हा हक्क तिन्ही साधनांत आहे. मग निवड कशाच्या आधारे करावयाची? माझ्या मते, प्रत्येक साधन कोणता घाट सुकर करते आणि कोणता दुष्कर, हे पाहून.

क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये सिद्ध केलेल्या ट्वाइनमध्ये लेखक उतारे लिहितो आणि दुव्यांनी ते जोडतो. पटावर चौकटी व त्यांना सांधणाऱ्या रेषा दिसतात. साहजिकच लेखकाचे मन फाट्यांच्या भाषेत विचार करू लागते. पूर्वीच्या निवडीची स्मृती राखण्याची सोय तेथे आहे, परंतु पटावर ती दिसत नाही. म्हणून नवख्याच्या हातून शाखा फार आणि परिणाम थोडा, असा विस्कळित प्रपंच पुष्कळदा घडतो. हा दोष लेखकाचा खरा, पण त्याचे बीज पटाच्या रचनेत आहे.

टॉम रॉथॅमेल यांचे रेनपाय २००४ पासूनचे. त्यातील संहिता नाटकासारखी दिसते: पात्राचे नाव आणि पुढे अवतरणात संवाद. वाचकास मागील वाक्याकडे परतण्याची मुभा त्यात मुळातच असते. ती बंद करता येते. न केल्यास अटळ निर्णयाची धार बोथट होते, कारण पश्चात्तापास मोल उरत नाही. २०१७ मधील 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' या कृतीचे यश येथेच आहे. पात्राची फाईल संगणकावरून खेळणाऱ्यासच पुसावयास लावून तिने साधनाच्या सोयीलाच आशय बनविले. साधनाचे संकेत जाणून त्यांच्याशी झुंज दिल्याखेरीज हे साधले नसते.

गोडो अर्जेंटिनात जन्मले आणि २०१४ मध्ये मुक्त झाले. तेथे घटक दृश्य हा आहे; दृश्यात दृश्य गुंफून वृक्ष उभा राहतो. अवकाश, गती, स्पर्श यांसाठी ते तिघांत सर्वाधिक समर्थ आहे. पण केवळ संवादाची कथा सांगावयाची तर रेनपायमध्ये तयार मिळणारा बराचसा पाया येथे स्वतः घालावा लागतो. सामर्थ्य आणि औचित्य एक नव्हेत.

मराठी लेखकापुढे आणखी एक कसोटी आहे, ती लिपीची. गोडोच्या तिसऱ्या मालिकेत देवनागरीची जुळणी होत नसे. 'किल्ला' लिहिले की ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या पलीकडे जाई आणि जोडाक्षर फुटे. मार्च २०२३ मधील ४.० आवृत्तीत ही उणीव दूर झाली. ट्वाइनची कृती ब्राउझरमध्ये उघडते, म्हणून अक्षरजुळणीचा भार ब्राउझर वाहतो आणि ही अडचण तेथे उद्भवत नाही. जे साधन आपली अक्षरे नीट मांडू शकत नाही, ते कितीही मुक्त असले तरी त्या मुक्ततेचा लाभ आपणांस अपुराच मिळतो.

यावरून एक व्यावहारिक सूचना निघते. प्रकल्प हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने नामांकित साधन आधी निवडून मग विषय शोधू नये. आपल्या कथेतील एकच निर्णायक प्रसंग मराठीत लिहून तो तिन्ही साधनांत उभा करावा, आणि कोणत्या साधनाने तो प्रसंग कोठे वाकविला याची नोंद ठेवावी. निवड त्या नोंदीवरून व्हावी. समीक्षकासही ती उपयोगी पडेल; कारण कृतीतील कोणता गुण लेखकाचा आणि कोणता साधनाने आयता दिलेला, हे ओळखल्यावाचून मूल्यमापन पूर्ण होत नाही.