मॅनहोलची व्याख्या

आमच्या वस्तीतील विहारात सध्या सर्वांत जास्त वाचले जाणारे पुस्तक कोणते, असे मला कोणी विचारले तर खरे उत्तर समीक्षकांना रुचणार नाही. ते आत्मकथन नाही, कवितासंग्रह नाही, आणि खेदाने सांगावे लागते की बाबासाहेबांच्या लेखनाचा खंडही नाही. ते आहे 'कनिष्ठ अभियंता (स्थापत्य)' या भरतीपरीक्षेचे गाइड. पाने सुटलेले, चार हातांतून आलेले, प्रत्येक मालकाने वेगळ्या शाईने खुणा केलेले. रोज संध्याकाळी सात ते दहा आठ-दहा मुले आणि तीन मुली ते घेऊन बसतात. मी मराठीचा अध्यापक. त्यांना गणित शिकवण्याची माझी पात्रता नाही. पण प्रश्न वाचून दाखवायला कोणीतरी लागते, ते काम माझ्याकडे आले. अशा रीतीने गेले वर्षभर मी हे पुस्तक मोठ्याने वाचत आहे. जे पुस्तक आपली तरुण पिढी पाठ करते, ते समीक्षेचा विषय का होऊ नये?

या पुस्तकाच्या भाषेत कर्ता नाही. चर खोदला जातो, वीट भिजवली जाते, काँक्रीट ओतले जाते, मलवाहिनी साफ ठेवली जाते. कोण खोदतो, कोण साफ करतो, याला वाक्यात जागाच नाही. शास्त्राची भाषा अशीच असते, असे माझे अभियंते मित्र सांगतात. आणि बेंडिंग मोमेंटच्या बाबतीत मला ते मान्य आहे. तुळईला जात नसते. पण मातीकामाच्या दराला असते. प्रश्न येतो: मातीकामाच्या मूळ दरात लीड किती आणि लिफ्ट किती धरतात? उत्तर: 30 मीटर आणि 1.5 मीटर. म्हणजे भरलेली पाटी तीस मीटर चालवायची आणि दीड मीटर वर चढवायची, एवढे श्रम त्या दराच्या पोटात आले. वडार समाजातली एक मुलगी हे उत्तर देताना हसली. म्हणाली, "सर, माझ्या आजीचं लीड कुणी मोजलंच नाही."

कर्ता एकाच ठिकाणी उगवतो, तो मजुरीच्या कोष्टकात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरविश्लेषणात मजुरांचे प्रकार दिलेले असतात: मेट, कुली, बेलदार, भिश्ती. बेलदार ही आपल्याकडे जात आहे, आणि भिश्ती म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. पखाल गेली, नळ आला. कोष्टकातला भिश्ती मात्र तसाच उभा आहे. जातीचे नाव श्रमाच्या श्रेणीचे नाव होऊन बसले आहे आणि कोणालाही त्यात वावगे दिसत नाही. गावगाड्याची बलुतेदारी आपण इतिहास म्हणून शिकवतो. इथे ती अंदाजपत्रकाचे परिमाण म्हणून शिकवली जाते.

परंतु माझे खरे भांडण सांडपाण्याच्या प्रकरणाशी आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या या परीक्षेचा पहिला पेपर 200 गुणांचा, त्यांतले 100 गुण स्थापत्याचे. त्यात पर्यावरण अभियांत्रिकी, आणि त्यात मलवाहिन्या, त्यांचे आकार, त्यांची उपांगे. मॅनहोल कोठे बांधावा? जेथे मलवाहिनीचा उतार, दिशा किंवा व्यास बदलतो, जेथे दोन वाहिन्या मिळतात, आणि सरळ रेषेतही ठरावीक अंतरावर. कशासाठी? तपासणी, सफाई व देखभालीसाठी आत जाता यावे म्हणून. आत कोणी जायचे हे व्याख्येत नाही. ज्या वस्तूच्या नावातच माणूस आहे, तिच्या व्याख्येतून माणूस वगळण्याचे कौशल्य या पुस्तकाने साधले आहे.

मुलांपैकी एकाचे वडील ठेकेदाराकडे भुयारी गटाराच्या कामावर आहेत. त्याला मी प्रश्न विचारला: मलवाहिनीच्या माथ्याची झीज कोणत्या वायूमुळे होते? "हायड्रोजन सल्फाइड, सर." उत्तर बरोबर. हा वायू वाहिनीच्या माथ्यावरच्या ओलाव्यात मिसळतो, तेथील जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते काँक्रीट खाते. गाइडमध्ये हे सविस्तर आहे. मी सहज म्हणालो, "घरी माहीत आहे का हे?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "बाबांना नाव माहीत नाही. पण ते म्हणतात, सडक्या अंड्यासारखा वास येतोय तोवर काही नाही. वास यायचा बंद झाला की वर यायचं."

त्या रात्री मी शोधले. वडिलांचे अर्धे खरे आहे. या वायूचे प्रमाण वाढले की घ्राणशक्ती बधिर होते. वास नाहीसा होतो आणि धोका वाढलेला असतो. पण वास येत आहे तोवर काही नाही, हे खरे नव्हे. आणि वास बंद झाल्यावर वर यायला दर वेळी सवड मिळेलच असेही नाही. त्या अनुभवाला गाइडमध्ये प्रश्न नाही, आणि गाइडमधल्या रसायनशास्त्राला त्या घरात वाट नाही. वायूने पाइपाचे काय होते हे मुलाला पाठ आहे. बापाचे काय होते हे परीक्षेच्या बाहेरचे. अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, मोठ्या पाठ्यपुस्तकांत कामगाराच्या जिवाला धोका असल्याचा उल्लेख येतो. चार पर्यायांचा प्रश्न करताना तो गळतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की परीक्षा गुणवत्ता तपासते, समाजशास्त्र नव्हे. ठीक आहे, कायदा तरी तपासावा. 1993 चा कायदा होता. 2013 चा कायदा त्याच वर्षी 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे उतरवणे त्याच्या सातव्या कलमाने बंद केले. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासूनच्या गटारमृत्यूंसाठी प्रत्येकी दहा लाख भरपाई सांगितली, 2023 साली ती तीस लाख केली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात मॅनहोलऐवजी 'मशीनहोल' असा शब्द आला. कनिष्ठ अभियंता म्हणजे कोण? कामावर उभा राहणारा, मोजमाप पुस्तकात नोंद करणारा, ठेकेदाराच्या बिलाला पहिली सही करणारा. त्याला सातवे कलम माहीत असणे हे समाजशास्त्र आहे काय? लीड आणि लिफ्ट जेवढे तांत्रिक, तेवढेच तेही तांत्रिक आहे.

दोष केवळ त्यांचा नाही. आपल्या साहित्याने गटाराला विद्रोहाची प्रतिमा केले, आणि ते आवश्यकच होते. पण गटाराचा नकाशा काढणारा, त्याच्या उतारावर सही करणारा आपला माणूस आपण कोठे लिहिला? आपली आत्मकथने शाळेच्या दारापर्यंत, फार तर पहिल्या नोकरीपर्यंत येतात. नोकरीच्या आतला संघर्ष आपण 'पांढरपेशा झाला' या एका शब्दात निकालात काढतो. मीही हा शब्द वर्गात वापरला आहे. विहारातल्या मुलांसमोर तो आता माझ्या तोंडून निघत नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा पाटबंधारे, वीज आणि केंद्रीय बांधकाम खाते त्यांच्याकडे होते. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ असलेला आयोग 1945 साली त्याच काळात निर्माण झाला. याच दोन खात्यांच्या जागांसाठी ही मुले घासत आहेत. मजूर आणि धरण एकाच टेबलावर असलेला हा वारसा आपण जयंतीच्या भाषणात सांगतो, अभ्यासिकेत सांगत नाही.

म्हणून मी त्या मुलाला गाइड फेकून दे म्हटले नाही. त्याला ती जागा मिळालीच पाहिजे. फक्त रविवारी एक तास आम्ही 2013 चा कायदा कलमवार वाचतो. पहिल्या रविवारी त्याने वडिलांना बरोबर आणले. ते शेवटच्या रांगेत बसले. "अप्रत्यक्षपणे" या शब्दाशी त्यांनी मला थांबवले आणि विचारले, "म्हणजे सर, ठेकेदाराकडून करून घेतलं तरी?" मी म्हणालो, हो, तरी. मुलाने विचारले, "हे पेपरला येईल?" नाही, असे मला सांगावे लागले. तरी त्याने वहीत कलम लिहून घेतले आणि मग उघड्या पाटातील प्रवाहाची गणिते काढायला बसला. परीक्षेला सहा आठवडे उरले होते.