पुराव्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर?



आजचा विषय तुमच्यासमोर आहे: कायद्यानं स्त्री-पुरुष समान झाले, मग भेदभाव का संपत नाही? यावर नेहमी दोन उत्तरं मिळतात. एक, संविधानानं १९५० सालीच समानता दिली, आता राहिली ती फक्त अंमलबजावणी. दुसरं, कायद्यानं काही होत नसतं, मानसिकता बदलायला पाहिजे. आम्हाला ही दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. का वाटतात, ते आपल्याच भागातल्या एका खटल्यावरून बघू.

देसाईगंज. आपण त्याला वडसा म्हणतो. २६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हा गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता, तो १९८२ साली झाला. सगळा मुलूख चंद्रपुरातच. एक आदिवासी मुलगी, आईबाप नाहीत, मजुरी करून जगणारी, वय डॉक्टरांच्या अंदाजानं चौदा ते सोळा. भावानं दिलेल्या तक्रारीवरून तिला ठाण्यात आणलं. जबाब झाले. रात्री साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला एकटीला ठेवून घेतलं. बाहेर थांबलेल्या माणसांना ठाण्याचे दिवे बंद दिसले, दार लावलेलं दिसलं. बाहेर आल्यावर तिनं लोकांना सांगितलं की पोलिसानं बलात्कार केला.

हा खटला देशभर तिच्या नावानं ओळखला जातो. आम्ही ते नाव घेणार नाही. पीडितेची ओळख उघड करू नये हा कायदा १९८३ साली आला, आणि तो याच खटल्यानंतर उठलेल्या आंदोलनातून आला. ज्या मुलीमुळे तो आला, तिला तरी त्याचा लाभ द्यायला नको का? निकालपत्रावर नाव आहे ते आरोपीचं: तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य.

आता तीन न्यायालयांनी काय केलं ते बघा. १९७४ साली सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. मुलगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधाची सवय आहे, असा सूर. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे साधं वाक्य तिथं मान्य झालं. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली. आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत. हाताला धरून नेताना ती ओरडली नाही. भीती वाटली म्हणता, तर ती जिवाची किंवा दुखापतीची भीती होती हे दिसत नाही.

हा निकाल समीक्षकाच्या नजरेनं वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यात ‘स्त्री कमी, पुरुष जास्त’ असं कुठंही लिहिलेलं नाही. कसोटी सगळ्यांना एकच: जखम दाखवा, ओरडलात ते दाखवा. मग भेदभाव कुठं आहे? भेदभाव कसोटीच्या पोटात आहे. ठाण्यात, रात्री, वर्दीसमोर ओरडण्याची हिंमत आणि ओरडल्यावर कुणी येईल ही खात्री ज्याच्याजवळ आहे, अशा माणसाला डोळ्यासमोर ठेवून ती कसोटी बेतली आहे. त्या पोरीजवळ यातलं काय होतं? आणि जबाब संपल्यावर तिला ठेवून का घेतलं, हे सांगण्याची मुख्य जबाबदारी पोलिसांवर टाकलीच गेली नाही. सिद्ध करायचं होतं ते सगळं तिनंच.

इथं आम्हाला आपल्या जंगलातली मोळी आठवते. मोळी कायद्यानं कुणाच्याही डोक्यावर चढू शकते. चढते कुणाच्या? पुराव्याचं ओझं तसंच आहे. कायद्यात समानता असली तरी हे ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं, यावरून भेदभाव ठरतो.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या मराठी मुलखातल्या वसुधा धागमवार. शरणागती आणि संमती यांत फरक आहे, हा त्यांचा मुद्दा. १९८० साली मुंबई, नागपूर, दिल्लीत बाया रस्त्यावर आल्या. फेरविचार काही झाला नाही. पण १९८३ साली पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे कलम आलं. कोठडीत संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयानं ते गृहीत धरायचं. उलट सिद्ध करायचं ते आरोपीनं. मोळी एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर गेली. नव्या साक्ष्य अधिनियमातही, कलम १२० मध्ये, ही तरतूद कायम आहे.

म्हणजे ‘कायद्यानं काही होत नाही’ हे खोटं. आणि ‘समानता दिली, झालं’ हेही खोटं. १९७२ साली अनुच्छेद १४ आणि १५ होतेच की!

आता जमिनीकडे या. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे, असं आपण शाळेतल्या पोरींना सांगतो. पण हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम २, पोटकलम २ वाचा. केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे आपल्या गोंड, माडिया लेकींच्या बाबतीत कायद्यातली समानता पुरेशी आहे का, हा प्रश्न थोडा पुढचाच झाला. ती समानता अजून दारापर्यंत आलेली नाही. त्यांचं भवितव्य रूढीवर.

आणि इथंही पुन्हा तीच मोळी. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या वादात खालची न्यायालयं म्हणाली, मुलीला वाटा देणारी रूढी आहे हे सिद्ध करा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न उलटा केला: वाटा नाकारणारी रूढी आहे हे कुठं सिद्ध झालंय? तशी मनाई दाखवता येत नसेल, तर केवळ बाई म्हणून डावलणं समानतेच्या विरुद्ध आहे. निकाल चांगला आहे. पण मनाई करणारी रूढी कुणी सिद्ध केलीच तर काय, हा प्रश्न उभाच राहतो. आदिवासींची रूढी म्हणजे मागासलेपण, असं आम्ही म्हणणार नाही. सामूहिक वनहक्काचा रस्ता मेंढा-लेखासारख्या गावानं देशाला दाखवला, तो याच सामूहिक जगण्याच्या बळावर. आमचं म्हणणं एवढंच की रूढी काय आहे हे ठरवताना बायांनाही विचारा.

वनहक्क कायदा, २००६, इथं उपयोगी पडतो. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं, असं त्यात स्पष्ट आहे. ग्रामसभेच्या गणपूर्तीत हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश बाया हव्यात, असं २०१२ च्या नियमांत आलं. पण सतरंजीच्या कडेला बसून अंगठा देणं आणि ‘हा ठराव मला मान्य नाही’ म्हणणं यांत फरक आहे. गणपूर्ती मोजता येते, आवाज मोजता येत नाही. वर सांगितलेल्या निकालातली चूकच आपण गावात करतो: बाई गप्प बसली म्हणजे तिची संमती आहे, असं धरून चालतो.

शेवटी कुर्माघर. पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या झोपडीत राहायचं. कुठलाही कायदा हे करायला सांगत नाही. काही गावांत आता पक्क्या खोल्या झाल्या, संडास आला, दिवा आला. साप-विंचवाची भीती कमी झाली, हे खरं आहे आणि त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण भिंत पक्की झाली म्हणजे बाहेर काढणंही पक्कं होत नाही ना, हेही विचारलं पाहिजे. कारण जी बाई जायला नकार देते, तिच्यामुळे गावावर संकट आलं नाही हे कुणी सिद्ध करायचं? तिनंच. गावात ताप आला की बोट तिच्याकडे. इथं कलम ११४-अ नाही. इथं ओझं उतरवणार ते शेजारीण, सासू, गायता, भूमिया, आणि आपण.

म्हणून आमचं उत्तर असं: कायद्यातली समानता लागतेच, तिच्याशिवाय भांडायला जागा नाही. पण ती आली की काम संपत नाही, सुरू होतं. ‘मानसिकता बदला’ या गुळगुळीत वाक्याऐवजी प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारा. ठाण्यात विचारा, तलाठ्याकडे विचारा, ग्रामसभेत आणि स्वतःच्या घरात विचारा: इथं सिद्ध कुणाला करावं लागतंय?

वडशाच्या त्या पोरीनं सिद्ध करता करता सगळं गमावलं. तिच्यानंतर कायदा बदलला, तिचा निकाल बदलला नाही. तिचं हे देणं आपल्या जिल्ह्यावर अजून बाकी आहे.

आता तुम्ही बोला. मागं बसलेल्या ताया आधी.