कापलेल्या सिस्टवर शिकलेलं मॉडेल

स्वादुपिंडातली सिस्ट बहुधा भलत्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये सापडते. बऱ्याच निरुपद्रवी असतात. आयपीएमएन या प्रकारातून मात्र पुढे कॅन्सर होऊ शकतो. त्यासाठीचे २०१७ चे फुकुओका निकष मापं बघतात: मुख्य नलिका १० मिमी रुंद असेल तर शस्त्रक्रियेचा विचार, सिस्ट ३ सेमीची असेल तर आधी एंडोस्कोपिक सोनोग्राफी. तरीही कापलेल्या कित्येक सिस्ट साध्याच निघतात.

म्हणून रेडिओमिक्स आलं: स्कॅनमधला डोळ्यांना न जाणवणारा पोत मोजायचा आणि त्यावरून मॉडेलने धोका सांगायचा. कल्पना मला पटते. पण असा पेपर हातात आला की आधी बघा, रुग्ण कोणते घेतलेत? बहुतेकदा फक्त ऑपरेशन झालेले. कारण सिस्ट काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय पक्कं उत्तर मिळत नाही. म्हणजे डॉक्टरांना आधीच संशय आला होता, त्याच सिस्टवर मॉडेल शिकलं. आपल्याला विचारायचंय ते न कापलेल्या सिस्टबद्दल!

वर्षानुवर्षं नुसत्या देखरेखीखाली असलेल्या रुग्णांवर ते तपासलंय का? नसेल, तर अचूकतेच्या आकड्याला भुलू नका. इथे चूक झाली तर एकाचं स्वादुपिंड उगाच कापलं जातं, दुसऱ्याचा कॅन्सर राहून जातो.