स्कॅन झाले, नोंदी कुठे आहेत?

पावसाळा संपल्यावर काशीच्या दशाश्वमेध घाटावर गेलात, तर पाण्याच्या झोताने पायऱ्यांवरचा गाळ धुणारी माणसे दिसतील. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७४८ साली बांधलेला हा घाट अहिल्याबाईंनी १७७४ मध्ये पुन्हा बांधला. गाळ मात्र दरवर्षी काढावा लागतो. ग्रंथांच्या डिजिटल जतनाचेही असेच आहे. आपण ना-नफा संस्थांचे कौतुक करतो ते किती पाने स्कॅन झाली यावरून. नंतरच्या देखभालीबद्दल कुणी विचारत नाही.

याच काशीत १८९३ साली नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. १९०० पासून सभेने सरकारी अनुदानावर हिंदी हस्तलिखितांचा शोध घेतला; सुरुवातीचे अहवाल श्यामसुंदर दास यांचे. या कामाचे मर्म नोंदींत आहे. ग्रंथाचे नाव, कर्ता, पाने, आकार, पानावरील ओळी, लिपी, काळ, पोथी कुणाकडे आहे, आणि आरंभाचा व शेवटचा उतारा. आज आपण ज्याला मेटाडेटा म्हणतो, तो हाच. उताऱ्यांकडे विशेष लक्ष द्या: कर्त्याचे नाव नसलेली पोथी हाती आली, तरी त्यांच्या आधारे ती ओळखता येते.

उणीवही आहे. पोथीचा मालक बदलला की ‘कुणाकडे’ हा रकाना शिळा होतो. तो पुन्हा तपासायला अनुदान कोण देणार?

इंटरनेट अर्काइव्ह ही १९९६ ची अमेरिकेतील ना-नफा संस्था. काशीतल्या हस्तलिखितांचे स्कॅनही तिथे विनामूल्य मिळतात. प्रत्येक फाइलसोबत चेकसम असतो, त्यामुळे फाइल बिघडली तर कळते. पण फाइलला नावच चुकीचे दिले असेल, तर चेकसम काय करणार? शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे हे संकेतस्थळ काही दिवस बंद होते. दुसरी प्रत दुसऱ्या संस्थेकडे हवी, हे तेव्हा अनेकांना उमगले असावे.

दूर कशाला जा? आमच्या महाविद्यालयाने जुने प्रकल्प-अहवाल स्कॅन केले. फाइलींची नावे म्हणजे नुसते आकडे. पुढे हार्डडिस्क बंद पडली. तिच्यात नेमके काय होते, याची यादी कुणाकडेच नव्हती. निधीच्या अर्जात स्कॅनरसाठी रक्कम मागितली होती, नोंदी करणाऱ्या माणसासाठी एक रुपयाही नाही. तो अर्ज मीच लिहिला होता.